तीन वाट्यांचा घरगुती वारामापक, वर्षभर वापरल्यावर

गच्चीवर हा वाऱ्याचा मीटर लावून वर्ष झालं, सोबत दिशेसाठी वातकुक्कुट, तोच शाळेच्या पुस्तकातला. जोराच्या वाऱ्यात रीडिंग मस्त येतं, पण नुसती झुळूक असली की समोर झाडाची पानं हलतायत आणि स्क्रीनवर शून्य, कारण वाट्या फिरायलाच थोडा जोर लागतो आणि बेअरिंगमध्ये धूळ गेली की अजूनच जड होतात, मी वाट्या काढून मऊ ब्रशने दांडा पुसला तर लगेच फरक पडला.

खरी गोची जागेची. आधी कठड्याला लावलेला तेव्हा दिशा नुसती गरगर फिरायची, उंच पाइपवर चढवला तेव्हा कुठे शांत झाली. हवामानशास्त्रात प्रमाण उंची १० मीटर, आणि अडथळे त्यांच्या उंचीच्या निदान १० पट लांब. घरी ते कुठलं जमायला, त्यामुळे आकडा बहुतेक वेळा कमीच येणार हे धरून चाला.

बसवताना उत्तरेची खूण नीट जुळवा हां, नाहीतर सगळंच चुकतं. आणि पश्चिम दिसलं म्हणजे वारा पश्चिमेकडून येतोय, तिकडे जात नाहीये. एवढं सांभाळलं तर घ्याच.