आयव्हीएल बलून: काम चोख, पण पल्स मोजून-मापून

धमनीतलं कडक कॅल्शियम धक्क्याच्या लाटांनी फोडणारा हा आयव्हीएल (इंट्राव्हॅस्क्युलर लिथोट्रिप्सी) बलून आमच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत, येऊन बरेच महिने झाले. लिहायला निमित्त मिळालं ते परवाच्या केसचं. एलएडीमध्ये (हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीत) लांबलचक कॅल्शियम, ओसीटीवर (धमनीच्या आतून घेतलेल्या चित्रात) जवळजवळ पूर्ण कडं. खालचा आणि मधला भाग फोडून झाला, वरचा राहिला आणि त्या कॅथेटरचे ८० पल्स (लाटेचे झटके) संपले. जनरेटर ढिम्म. दुसरं कॅथेटर उघडलं, त्यातले २० वापरले आणि उरलेले ६० कॅथेटरसकट कचऱ्यात. स्टॉकचा हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे ते ६० पल्स अजून टोचतायत.

तंत्राबद्दल तक्रार नाही. मूतखडा बाहेरून फोडायला १९८०पासून वापरतात तीच कल्पना, फक्त १२ मिलिमीटरच्या बलूनमध्ये बसवलेली. आतल्या सलाइन-कॉन्ट्रास्टमध्ये (एक्स-रेत दिसणाऱ्या द्रवात) ठिणगी पडते, वाफेचा बुडबुडा फुगतो, मिटतो आणि लाट निघते. मऊ भिंतीतून ती निमूट पार होते, कॅल्शियमला मात्र तडे जातात. आणि हे सगळं ४ ॲटमॉस्फिअर दाबावर! हट्टी ब्लॉकसाठी एनसी (जास्त दाबाचा कडक) बलून २०च्या पुढे नेताना धमनी फाटेल या धास्तीने लॅबमध्ये कोणी बोलत नसे. ३८४ रुग्णांच्या ज्या अभ्यासानंतर फेब्रुवारी २०२१मध्ये अमेरिकेत हृदयाच्या धमन्यांसाठी याला मान्यता मिळाली, त्यात ९२ टक्क्यांहून जास्त रुग्णांत मोठी गुंतागुंत न होता स्टेंट नीट बसला. आमच्याकडेही साधारण तसंच दिसतं.

पण पल्सचं गणित बघा. एका जागी निदान २० द्यायचे. दहा झाले की बलून रिकामा करून रक्त जाऊ द्यायचं, मग पुढचे दहा. ३० मिलिमीटरच्या ब्लॉकला तीन जागा, म्हणजे ६० तिथेच गेले. एखादी जागा अडून बसली की उरलेले २० किती पुरणार? डॉक्टर "अजून एक राउंड देऊ का?" असं विचारून माझ्याकडे बघतात, जणू पल्स माझ्या खिशातून जातात.

इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात आमच्याकडे १२० पल्सवालं कॅथेटर आलं. लांब ब्लॉकची चिंता बरीच मिटली, हे मान्य. पण छोटा ब्लॉक ४०मध्ये फुटला की आता ८० फेकायचे! कॅथेटर पुन्हा वापरा असं मी म्हणत नाही. ठिणगीने इलेक्ट्रोड झिजतात, शिवाय रक्तात जाणारी वस्तू. ४०-५० पल्सचं छोटं कॅथेटर कमी दरात काढायला काय हरकत आहे?

बाकी किरकोळ. पल्सबरोबर ईसीजीवर एक्टोपिक (अवेळी पडणारे) ठोके दिसतात, नवी नर्स पहिल्यांदा दचकतेच. पल्स थांबले की तेही थांबतात. फिरत्या टोकाने (बरने) कॅल्शियम घासणारं रोटाचं मशीन मात्र अडगळीत टाकू नका. हा बलून जाडजूड आहे, फार अरुंद ब्लॉकमध्ये शिरतच नाही. तिथे मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेऱ्या घेणाऱ्या बरने आधी वाट करायची, मग हा न्यायचा. बर आतून घासतो, खोलवरचं कॅल्शियम तसंच राहतं. ते याने फुटतं. दोन्ही लागतात.

बलूनची साइज धमनीच्या मापाला एकास एक घ्या. बलून भिंतीला नीट टेकला नाही तर लाटेचा जोर तिथवर पोहोचत नाही, आणि काउंटर तेही पल्स मोजतोच.