तीन कार्ब्युरेटर पाठवले, परत आलेल्यांपैकी एक माझा नव्हता

अमेरिकेत राहून जुन्या गाड्यांची आवड जोपासणाऱ्या मराठी मंडळींपैकी कोणीही माझ्यासारखे फसू नये, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. मिशिगनमध्ये माझ्याकडे 1966 ची पाँटिॲक जीटीओ आहे. तिचे इंजिन 389 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे व्ही-8 असून त्यावर एका रांगेत तीन रॉचेस्टर कार्ब्युरेटर (इंजिनसाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) बसवलेले आहेत. कारखान्यातून ही तिहेरी जोडणी मिळण्याचे ते शेवटचे वर्ष होते. त्यामुळे मूळ कार्ब्युरेटरांना आज चांगली किंमत येते, आणि माझ्या फसवणुकीचे कारणही तेच होते.

मागच्या हिवाळ्यात तिन्ही कार्ब्युरेटर मी ओव्हरहॉलसाठी, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्तीसाठी, दुसऱ्या राज्यातील एका कारागिराकडे पाठवले. थेट खात्यात पैसे भरल्यास सूट देतो, असे त्याने सांगितले आणि मी 900 डॉलर तसेच भरले. क्रेडिट कार्डाने दिले असते, तर पुढे निदान बँकेकडे तक्रार करता आली असती. सहा आठवड्यांनी सोनेरी झळाळी आलेले तीन कार्ब्युरेटर परत आले आणि ते पाहून मी हरखून गेलो.

गाडी सुरू केली, तेव्हा इंजिन मिनिटाला 1,200 फेऱ्यांच्या खाली उतरेना. आयडलिंगचा, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालण्याचा संथ वेग ठरवणारा, स्क्रू पूर्ण सैल केला, तरी फरक पडला नाही. फोन केल्यावर त्या गृहस्थाने गाडी न पाहताच कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) झिजल्याचे सांगितले आणि वेगळे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे छिद्राचे भाग) पाठवतो म्हणून आणखी 280 डॉलर मागितले. तेही मी दिले. जेट बदलले, इग्निशनचे टायमिंग दोनदा तपासले, पण दोष जागच्या जागी राहिला.

या रचनेत रोजच्या चालवण्याचे काम मधला कार्ब्युरेटर एकटा करतो. चोक त्यालाच असतो आणि आयडलिंगही त्याच्यावरच जुळवतात. पुढचा आणि मागचा कार्ब्युरेटर पेडल बरेच दाबल्यावर उघडतात, एरवी त्यांच्या थ्रॉटल प्लेट (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चकत्या) घट्ट मिटलेल्या असाव्या लागतात. त्या जराशा जरी उघड्या राहिल्या, तरी तिथून हवा आत शिरते आणि मधल्या कार्ब्युरेटरचे कोणतेही स्क्रू फिरवून उपयोग होत नाही. हे ठाऊक असूनही नव्याने दुरुस्त होऊन आलेल्या वस्तूवर मी संशय घेतला नाही, ही माझी मोठी चूक झाली.

अखेर मॅनिफोल्डला, म्हणजे कार्ब्युरेटरांखालच्या नळ्यांच्या भागाला, व्हॅक्यूम गेज (आतली निर्वात ओढ मोजणारा मापक) लावला. चांगल्या इंजिनात आयडलिंगला काटा साधारण पाऱ्याच्या 17 ते 21 इंचांच्या दरम्यान स्थिर असतो. माझा काटा 13 वर थरथरत होता. मग पुढच्या-मागच्या कार्ब्युरेटरांचे लिंकेज (जोडदांडे) सोडवले आणि दोघांच्या खाली भोके न पाडलेले, सपाट गॅस्केट (सांध्यात बसणारे पातळ पत्रे) बसवून त्यांची वाट बंद केली. आयडलिंग लगेच 700 वर आले आणि काटा 18 वर स्थिरावला. कॅमशाफ्टमध्ये काही दोष नव्हता. पुढचा पुन्हा चालू केला, तरी सगळे ठीक राहिले. मागचा चालू करताच फेऱ्या पुन्हा चढल्या.

मागचा कार्ब्युरेटर काढून हातात घेतला आणि वरून टॉर्च धरली. मिटलेल्या प्लेटच्या कडेला प्रकाशाची बारीक चंद्रकोर स्पष्ट दिसली. एवढ्यावरून लबाडी सिद्ध होत नाही, कारण प्लेट फिरवणारा शाफ्ट झिजला तरी असेच होते. पण माझ्या मागच्या कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या, भांड्यावर पाना पडून उमटलेली एक खोल खूण होती, आणि विम्यासाठी काढलेल्या छायाचित्रात ती दिसत होती. हातातल्या भांड्यावर तशी खूण नव्हती. झाकणाच्या स्क्रूखाली असणारा क्रमांकाचा धातूचा बिल्लाही गायब होता. तो धुताना हरवला, असे उत्तर मला मिळाले.

छायाचित्रे पाठवल्यावर फोन उचलणे बंद झाले. कार्ब्युरेटर पाठवण्यापूर्वी प्रत्येकाच्या भांड्याचे आणि बिल्ल्याचे जवळून छायाचित्र घ्यावे, आतल्या बाजूला स्वतःची खूण कोरावी आणि परत येणारे सांगाडे तेच असतील, हे लेखी मागून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या राज्याच्या महाधिवक्त्यांच्या ग्राहक विभागाकडे मी तक्रार नोंदवली आहे. तिचा निकाल लागेपर्यंत गाडी मधल्या एकट्या कार्ब्युरेटरवर चालते आहे, आणि पुढच्या-मागच्या दोघांच्या खाली ती सपाट गॅस्केट पुन्हा बसवली आहेत.