योइक आणि ध्रुवीय प्रकाश

नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडच्या उत्तरेकडील सामी लोकांचे योइक गायन आणि तिथल्याच आकाशातील ध्रुवीय प्रकाश ही दोन्ही मन हेलावतात, पण निरनिराळ्या रीतीने. सूर्याकडून आलेल्या कणांमुळे १०० किलोमीटरांहून अधिक उंचीवरील ऑक्सिजन हिरवा उजळतो, तेव्हा आपण किती लहान आहोत हे जाणवून माणूस स्तब्ध होतो. सामी परंपराही त्या प्रकाशाखाली शांत राहायला सांगते. योइक मात्र जवळ घेते. ते एखाद्या व्यक्तीविषयी नसते, तर त्यातून ती व्यक्तीच गायली जाते, त्यामुळे मोजक्या, कित्येकदा अर्थहीन अक्षरांतूनही दिवंगत आप्त पुन्हा घरात आल्यासारखे वाटते. मिशनऱ्यांनी पाप ठरवलेले हे गाणे तरीही टिकले, म्हणून मला तेच अधिक खोलवर भिडते.