ऑरोरा: समुद्रातलं दर्शन की भूकंपमापकांची नोंद?

'ऑरोरा' म्हणजे अमेरिकेचं गुप्त, अतिवेगवान विमान, अशी अफवा. त्याच्या दोन पुराव्यांपैकी वजन कशाला द्यायचं? ऑगस्ट १९८९. उत्तर समुद्रातल्या 'गॅल्व्हस्टन की' या तेलविहीर-फलाटावरून अभियंता क्रिस गिब्सनला केसी-१३५ टँकर (हवेतच इंधन भरणारं विमान), दोन एफ-१११ लढाऊ विमानं आणि एक काळं, टोकदार त्रिकोणी विमान एकत्र जाताना दिसलं. तो विमानं ओळखण्यात मुरलेला, त्यामुळे साक्ष हलक्यात घेता येत नाही. एफ-१११ शेजारीच असल्याने लांबीचा अंदाजही बांधता येतो. पण टँकरसोबतची विमानं आवाजापेक्षा कमी वेगानेच उडतात. म्हणजे आकार कळला. वेगाबद्दल काहीच नाही. शिवाय फोटो नाही, नुसतं रेखाटन.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या १९९१-९२ च्या गडगडाटांचं उलट आहे. तिथे भर विमान पाहिल्याच्या साक्षीवर नाही; आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानामागून येणारे हवेचे धक्के भूकंपमापकांच्या जाळ्याने टिपले. पद्धत सरळ: प्रत्येक केंद्रावर धक्का पोचल्याची अचूक वेळ घ्यायची आणि नकाशावर समवेळ-रेषा, म्हणजे धक्का एकाच वेळी पोचलेली ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, काढायच्या. विमान एकाच वेगाने सरळ जात असेल, तर जमिनीवर धक्का जितक्या वेगाने सरकतो तितकाच विमानाचा वेग. स्पेस शटलचे धक्के याच जाळ्यावर नोंदलेले, त्यामुळे ताडून बघायलाही सोय.

घोळ होतो तो वाऱ्यामुळे आणि तापमानामुळे. समुद्रावरच्या साध्या लढाऊ विमानाचा धक्का वरच्या थरांत वाकून दूरवर खाली उतरू शकतो. मग वेग आणि उंची दोन्ही फसवतात.

तरी वजन नोंदींनाच द्यावं, कारण त्या पुन्हा तपासता येतात. अमेरिकी अर्थसंकल्पातल्या 'ऑरोरा' या नावावर मात्र फार विसंबू नये: ते बी-२ बॉम्बरच्या कंत्राट-स्पर्धेच्या निधीचं सांकेतिक नाव होतं, असं लॉकहीड कंपनीच्या गुप्त विमानं बनवणाऱ्या 'स्कंक वर्क्स' विभागाचे माजी प्रमुख बेन रिच यांनीच सांगितलं.