मीटरवर 'ओएल' दाखवून माझे ओरिजिनल ट्वीटर काढून घेतले

ज्यांच्या घरी रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ असले जुने ब्रिटिश स्पीकर आहेत त्यांनी ते दुरुस्तीला द्यायच्या आधी हे वाचा. माझे २३,५०० रुपये गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्या रॉजर्स एलएस३/५ए स्पीकरमधले दोन्ही ओरिजिनल केईएफ टी२७ ट्वीटर (वरचा, बारीक आवाज काढणारे छोटे स्पीकर) गेले, जे आता पैसे देऊनही धड मिळत नाहीत. गेले म्हणजे हरवले नाहीत, एका माणसाने माझ्याच पैशांनी ते काढून घेतले.

हे स्पीकर मामाचे. तो मर्चंट नेव्हीत होता, नव्वदच्या दशकात लंडनहून घेऊन आला, ११ ओहमवाले, मागे बाय-वायरचे चार टर्मिनल, म्हणजे वरची जोडी ट्वीटरची, खालची वूफरची, दोन्ही धातूच्या जोडपट्ट्यांनी जोडलेल्या. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हे डिझाइन बीबीसीचं, सत्तरच्या दशकात ओबी व्हॅन (बाहेरून प्रक्षेपण करायची गाडी) सारख्या छोट्या जागेत ऐकायला बनवलेलं, आत केईएफचा बी११० वूफर (खालचा, जाड आवाज काढणारा) आणि टी२७ ट्वीटर. केईएफने टी२७ बनवणं कधीच बंद केलंय, म्हणून चांगल्या जोडीवर चोरांचा डोळा असतो. हे मला आता कळतंय.

झालं असं की डाव्या स्पीकरचा वरचा आवाज येत-जात होता. तंबोऱ्याची जवार उजवीकडे स्वच्छ, डावीकडे कधी ऐकू यायची कधी नाही. एका ओळखीच्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या, मागच्या गल्लीतला एक माणूस सुचवला, "व्हिंटेजचा स्पेशालिस्ट आहे". दुसऱ्या मजल्यावर खोली, टेबलावर ऑसिलोस्कोप, भिंतीला जुने अँप्लिफायर, माणूस मराठी, काका-काका करून बोलणारा, चहा मागवणारा. मी मुलुंडहून टॅक्सीने दोन्ही स्पीकर मांडीवर घेऊन गेलो होतो, ते सगळं बघून बरं वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

आता नीट वाचा. त्याने मागच्या टर्मिनलमधल्या जोडपट्ट्या काढल्या, वरच्या दोन टर्मिनलला मल्टिमीटरच्या वायरी लावल्या आणि डिस्प्ले माझ्याकडे फिरवला. 'ओएल', म्हणजे कुठेतरी सर्किट तुटलंय. "बघा काका, कॉइल ओपन झालीय, ट्वीटर मेला." मग दुसरा स्पीकर घेतला, तिथेही तेच. "दोन्ही गेलेत. जोडीने बदलावे लागतील."

दोन्ही! अहो उजवा आदल्या रात्रीपर्यंत व्यवस्थित वाजत होता. कॉइल तुटलेला ट्वीटर वाजूच शकत नाही, अजिबात नाही, कमी-जास्त काही नाही, पूर्ण गप्प असतो. मी त्याला म्हणालो पण, "उजवा तर वाजतोय हो." तर म्हणे, "लीकेजवर वाजतोय काका, कधीही बसेल." आणि मी गप्प झालो. तो एक क्षण मला अजून रात्री झोपू देत नाही. पण मला सांगा, मी एलआयसीतून रिटायर झालेला माणूस, समोर मीटर आहे, मीटर आकडा दाखवतोय, डॉक्टरने एक्स-रे समोर धरल्यावर आपण हाड कुठे मोडलंय ते वाद घालतो का? आणि खरी चीड याचीच येते की मीटर खोटा नव्हताच. ट्वीटरच्या आधी क्रॉसओव्हरमध्ये (वरचा-खालचा आवाज वाटून देणारं सर्किट) कपॅसिटर असतो, तो डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज अडवतो, मल्टिमीटर डीसीवर मोजतो, त्यामुळे जोडपट्ट्या काढल्या की वरच्या टर्मिनलला चांगल्यातल्या चांगल्या बाय-वायर स्पीकरवरही असंच 'ओपन' दिसणार. ट्वीटर तपासायचा तर तो बाहेर काढून, त्याची एक वायर सुटी करून, थेट त्याच्याच टॅगवर (वायर जोडायच्या पट्टीवर) मीटर लावायचा. साधारण ८ ओहमचा ट्वीटर असेल तर ५ ते ७ च्या आसपास काहीतरी दिसतं. त्या माणसाला हे माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नका, रोज तेच काम करतो तो.

पैसे असे घेतले: तपासणी १,५००. "जुन्या स्टॉकमधली सीलबंद ओरिजिनल जोडी सिंगापूरहून येतेय" म्हणून अ‍ॅडव्हान्स ११,०००. मग "कस्टममध्ये अडकलंय" म्हणून ७,८००. शेवटी मजुरी ३,२००. सगळं यूपीआयने, आणि कस्टमचे पैसे वेगळ्याच नंबरवर, स्क्रीनवर नाव एका बाईचं. विचारलं तर "मिसेसचं खातं". बिल म्हणून वहीच्या कागदावर आकडे आणि सही. जीएसटी बिल मागितलं तर १८ टक्के वाढतील म्हणाला, आणि इथे लॅमिंग्टन रोडवर अर्धी मुंबई कच्च्या बिलावरच खरेदी करते, मी काही वेगळं केलं नाही.

जुने ट्वीटर परत मागितले तर "स्क्रॅप झाले काका, कॉइल काढताना डोम फाटले". फाटलेले तरी द्या म्हणालो, तर "बघतो, पोराने टाकले असतील". जुना पार्ट हातात आल्याशिवाय शेवटचा पैसा सोडू नका. एकही नाही.

घरी लावले आणि पहिल्याच आलापात कळलं. स आणि श कानात टोचत होते, गायिका मधोमध उभी राहायची ती कुठेतरी पसरली होती. एलएस३/५ए मध्ये ट्वीटरवर जाळीचं झाकण असतं, भोवती फेल्टच्या पट्ट्या असतात, त्यामुळे समोरून बघून काही समजत नाही, आणि स्क्रूंवर त्याने 'वॉरंटी व्हॉइड'चे स्टिकर लावून ठेवलेले. म्हणजे मी उघडलं की वॉरंटी गेली असं बोलायला मोकळा. शेवटी गिरगावातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे नेले, त्यांनी स्टिकर सरळ फाडले. आत कुठलातरी स्वस्तातला सिल्क डोम ट्वीटर, मॅग्नेटवर केईएफचं लेबल कलर प्रिंट काढून चिकटवलेलं, नखाने निघालं. फेल्ट परत चिकटवताना फेविकॉल बाहेर आलेला.

त्यांनी अजून एक गोष्ट दाखवली. माझ्या जुन्या जोडपट्ट्या त्या माणसाने एका पिशवीत परत दिल्या होत्या, त्यातली एक काळीहिरवी पडलेली. ते म्हणाले डावीकडचा आवाज बहुतेक यानेच जात होता, मुंबईच्या खाऱ्या हवेत असं होतंच, घासून स्क्रू आवळला असता तरी झालं असतं. मी तिथेच खाली बसलो.

"अपग्रेड" हा शब्द ऐकलात तर आधी विचारा की क्रॉसओव्हरचं काय करणार. ट्वीटरची सेन्सिटिव्हिटी, इम्पिडन्स बदलला की ३ किलोहर्ट्झच्या आसपासचं सगळं जुळणं बिघडतं, नुसता महागडा डोम बसवून काही होत नाही. जुन्या स्पीकरमध्ये खरंच होणारे आजार वेगळे असतात: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हातारे होतात, काही ट्वीटरमध्ये फेरोफ्लुइड (चुंबकी तेल) असतं ते वर्षांनी घट्ट होतं आणि वरचा आवाज दबतो. ही कामं हजार-दोन हजारात प्रामाणिकपणे करणारे लोक आहेत. आणि कोणाकडेही जायच्या आधी घरीच डावं-उजवं बदलून बघा, अँपच्या वायरी अदलाबदल केल्या की दोष स्पीकरबरोबर जातो की चॅनलबरोबर राहतो ते फुकट कळतं.

आता पोलीस. दुकान ज्यांच्या हद्दीत तिथे गेलो तर म्हणाले तुम्ही राहता तिथे जा, पैसे तिथून पाठवलेत ना. इथे आलो तर म्हणाले व्यवहार तिकडे झाला, तिकडे जा. मी कागद पुढे केला की भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यायची असते. साहेबांनी कागद न वाचता विचारलं, "स्पीकर वाजतो ना?" वाजतो म्हटलं. "मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे." म्हणजे माझ्या घरातली वस्तू काढून दुसरी बसवली, खोटं लेबल लावलं, तरी वस्तू वाजतेय म्हणून गुन्हा नाही? मोटारीचं इंजिन बदललं असतं तरी हेच म्हणाले असते का? बरीच विनवणी केल्यावर साधा अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारायला सुद्धा कुरकुर, आणि वर एका शिपायाने सल्ला दिला की काका, नवीन ब्लूटूथचे घ्या, ह्यापेक्षा मोठा आवाज येतो. बँकेत गेलो तर "तुम्हीच पिन टाकलाय, ऑथोराइज्ड ट्रान्झॅक्शन आहे" म्हणून पाच मिनिटांत बाहेर. सगळ्यांनी मला असं बघितलं की जणू मीच काहीतरी करून आलोय.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, हे लक्षात ठेवा. यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅप चॅट, वहीचा कागद, सगळं जोडलंय. तुम्ही दुरुस्तीला देताना ट्वीटर बाहेर काढून मॅग्नेटच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा, शिक्का, तारीख सगळं दिसेल असा, आणि मार्करने कुठेतरी खूण करा. माझ्याकडे तसा फोटो असता तर चौकीत तोंड बंद झालं असतं त्यांचं.

आणि हे खास करून जे लोक पार्ट विकत घेतात त्यांना: कोणी टी२७ ची जोडी विकायला आणली आणि त्यातल्या एकाच्या काळ्या प्लेटला स्क्रूच्या भोकाजवळ नखाएवढी चीर असेल, आणि मागे निळ्या शाईत मामाने लिहिलेला 'डा' (डावा) असेल, तर ती माझी आहे. घेऊ नका, मला कळवा, आणि विकणाऱ्याचा यूपीआय नंबर लिहून ठेवा.