फाशी की सूट नसलेली जन्मठेप: निवेदनावर सही करण्याआधी

कोकणात एखाद्या वाडीत काही भयंकर घडलं की दोन दिवसांत बाजारपेठ बंद, मोर्चा, तहसीलदारांना निवेदन, आणि निवेदनात मागणी एकच, फाशी द्या. ज्याच्यासमोर तो कागद येतो आणि पेन हातात घेऊन जो थांबतो त्याच्यासाठी हे लिहितेय. माझं मत आधीच सांगते, माझा कल सूट नसलेल्या जन्मठेपेकडे आहे, म्हणजे जिच्यात सरकारला शिक्षा माफ करून मध्येच सोडता येत नाही अशी. पण फाशी मागणाऱ्यांचं सगळंच चुकतं असं मी म्हणणार नाही, त्यांचा एक मुद्दा मला खरंच छळतो, तो पुढे येईलच.

आधी पैशाचं बघू कारण नाक्यावर पहिला प्रश्न तोच असतो, तेका फुकट कित्याक पोसूचा? आमचा टॅक्स, आणि तो आत बसून जेवणार. कसाबच्या वेळी हेच बोललं गेलं, बिर्याणीची गोष्ट घराघरात पोचली, आणि 2015 मध्ये सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच सांगितलं की बिर्याणी त्याने कधी मागितली नव्हती आणि त्याला दिलीही नव्हती. त्याच्यावरचा खर्च कोटींत गेला हे खरं, पण तो जवळपास सगळा सुरक्षेवरचा, जेवणाचा भाग त्यात अगदीच किरकोळ.

आता फाशीचा खर्च धरा. सेशन कोर्टाने फाशी सुनावली तरी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती देता येत नाही, मग सुप्रीम कोर्ट, मग फेरविचार याचिका (2014 पासून ती खुल्या कोर्टात तीन जजपुढे ऐकावी लागते), मग राज्यपाल, राष्ट्रपती, आणि दयेचा अर्ज फेटाळला की परत कोर्ट. सरकारी वकील आपल्या पैशाने आणि आरोपी गरीब असेल तर त्याचा वकीलही आपल्याच पैशाने. एवढी सगळी वर्षं तो माणूस तुरुंगातच जेवतो आणि त्याला काम देत नाहीत, कारण त्याची शिक्षा सक्तमजुरीची नाहीच. जन्मठेपवाला निदान शेतात नाहीतर सुतारकामात राबतो, पैठणच्या खुल्या कारागृहात तर शेतीच करतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याचा हिशोब 2011 मध्ये मांडला गेला, 1978 पासून फाशीच्या व्यवस्थेवर सुमारे 4 अब्ज डॉलर गेले आणि तेवढ्यात प्रत्यक्ष मृत्युदंड झाला 13 जणांना. तो आकडा आपल्याला लागू नाही, तिथली पद्धत वेगळी, वकील महाग. पण भारतात 2004 पासून फासावर गेलेत 8 जण, आणि शिक्षा सुनावलेले आत बसलेत पाचशेच्या वर, म्हणजे फाशी मागितली तरी पोसावं लागतंच. आणि तुरुंगावरच्या टॅक्सचीच काळजी असेल तर 2022 च्या सरकारी आकड्यांत देशातले चारातले तीन कैदी कच्चे कैदी होते, ज्यांचा निकालच लागलेला नाही, खरा पैसा तिकडे जातो. त्यामुळे पैशासाठी फाशी हा मुद्दा मी तरी बाजूला ठेवते.

धाक बसतो का हेही लोक विचारतात. कायदा आयोगाने 2015 च्या अहवालात जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक जास्त बसतो असं दिसत नाही म्हटलंय आणि दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं सोडून बाकी गुन्ह्यांसाठी ती काढून टाका अशी शिफारस केलीय. यावर मी जास्त लिहीत नाही.

वेळेचं मात्र नीट बघायला हवं, कारण घरच्या लोकांना खरा त्रास तिथे होतो. 1993 चं आरडीएक्स आपल्याच किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरलं, 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. त्या खटल्यातल्या याकूब मेमनला नागपुरात फाशी झाली 30 जुलै 2015 ला, म्हणजे 22 वर्षांनी, आणि त्याच खटल्यात टाडा (दहशतवादविरोधी कायद्याच्या) कोर्टाने फाशी सुनावलेल्या आणखी 10 जणांची शिक्षा सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये जन्मठेपेवर आणली. घाटापलीकडे लहान मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींचं बघा, अटक 1996, फाशीची शिक्षा 2001, सुप्रीम कोर्टातही कायम 2006, पण दयेच्या अर्जावर सरकारने जवळपास 8 वर्षं घातली आणि त्या उशिरापायी 2022 मध्ये हायकोर्टाने फाशी रद्द करून जन्मठेप केली. ज्यांची लेकरं गेली त्यांनी 25 वर्षं बातम्या बघितल्या आणि शेवटी जन्मठेपच, मग ती पहिल्याच फेरीत मिळून प्रकरण मिटलं असतं तर त्या घरांचं काय वाईट झालं असतं?

आता जन्मठेपेची दुखरी बाजू. चौदा वर्षांत सुटतो हा समज अर्धवट आहे, जन्मठेप म्हणजे आयुष्यभर हे सुप्रीम कोर्टाने 1961 मध्येच सांगितलंय, 14 वर्षं ही फाशीला पात्र गुन्ह्यात सुटकेचा विचार करण्याआधीची कमीत कमी मुदत. पण विचार सरकार करतं, आणि तिथेच भीती आहे. गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो प्रकरणात 2022 च्या 15 ऑगस्टला 11 जणांना सोडलं, हार घालून स्वागत झालं, 2024 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने ती सूट रद्द केली तेव्हा ते परत आत गेले. आणि मला छळणारा मुद्दा तो हाच. आपली गावं लहान, दोन्ही घरं एकाच वाडीत, पाणंद एक, विहीर एक. काही गुन्ह्यांना नियमात बंदी असली तरी बऱ्याच जन्मठेपवाल्यांना काही वर्षांनी पॅरोल किंवा फर्लोवर, म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या ठरावीक दिवसांच्या रजेवर, घरी येता येतं, आणि ऐन गणपतीत तो माणूस समोरच्या पडवीत बसलेला दिसला तर ज्या आईची मुलगी गेली तिने आरतीला कसं उभं राहायचं? फाशी मागणाऱ्या त्या बाईला मी कायदा शिकवायला जाणार नाही.

त्यावरचा उपाय कायद्यात आहे. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने फाशीच्या जागी ठरावीक वर्षं किंवा मरेपर्यंत सूट नसलेली जन्मठेप दिली, 2015 च्या घटनापीठाने ते मान्य केलं, अट एवढीच की खुनाच्या खटल्यात हा अधिकार हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टालाच. पुण्याच्या 2007 च्या बीपीओ प्रकरणात (तिथे काम करणाऱ्या तरुणीवर बलात्कार आणि खून) उशिरामुळे फाशी गेली पण हायकोर्टाने 35 वर्षं ठरवून दिली.

माझ्यासाठी काटा जिथे झुकतो ते प्रकरण महाराष्ट्रातलंच आहे. भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने फाशी सुनावली, सगळ्यांना, हायकोर्टाने तिघांना जन्मठेप दिली होती तीही वाढवून, आणि 2019 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाख भरपाई द्यायला सांगितली. अटकेपासून 16 वर्षं गेली, पण माणसं जिवंत होती म्हणून सोडता तरी आली. मोर्चाच्या दबावाखाली पोलीस जेव्हा दोन दिवसांत कुणालातरी पकडतात तेव्हा योग्य माणूस पकडला का हे निवेदनावर सही करणाऱ्या आपल्यापैकी कुणालाच माहीत नसतं.

म्हणून सही करायचीच असेल तर मागण्या बदलून घ्या. खटला जलदगती कोर्टात, विशेष सरकारी वकील, आरोपीलाही चांगला वकील, नाहीतर अपिलात केस त्याच कारणाने पडते. दोष सिद्ध झाला तर सरकारने हायकोर्टात सूट नसलेली जन्मठेप मागावी, रत्नागिरी सिंधुदुर्गाला 18 ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, घरच्यांना दर तारखेला मुंबई गाठावी लागणार नाही, रायगडवाल्यांना मात्र मुंबईच. पॅरोल फर्लोच्या अर्जाची खबर पीडितेच्या घरी आधी मिळावी हे लेखी मागा. आणि मनोधैर्य योजनेची (बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला अशा गुन्ह्यांतल्या पीडित बायका-मुलांसाठीची सरकारी) मदत, जी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागायची असते, ती त्या घराला मिळाली का हे निवेदन देणाऱ्यांपैकी कुणीतरी स्वतः जाऊन विचारा, मोर्चा पांगल्यावर तिकडे कुणी फिरकत नाही.