स्टेव्हियाची टिश्यू कल्चर रोपे : दोन कापण्यांनंतरचा अभिप्राय

केळीच्या जी-नाईन रोपांमुळे टिश्यू कल्चर, म्हणजे रोपाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपे तयार करण्याचे तंत्र, आपल्या शेतकऱ्यांना नवे राहिलेले नाही. स्टेव्हियासाठी मात्र हे तंत्र वापरण्याचे कारण वेगळे आहे. मूळच्या पॅराग्वेमधील या गोड पानांच्या वनस्पतीच्या बियांची उगवण कमी असते आणि परपरागीभवनामुळे बियांपासून झालेल्या रोपांच्या पानांची गोडी सारखी राहत नाही. म्हणून मी एका प्रयोगशाळेकडून दोन खेपांमध्ये ५०० रोपे घेतली.

रोपांच्या सारखेपणाबद्दल माझे पूर्ण समाधान आहे. निवडलेल्या मातृरोपाचे पेर निर्जंतुक करून मुराशिगे-स्कूग या पोषक माध्यमावर ठेवायचे, सायटोकायनिन या वनस्पती-संप्रेरकाच्या साहाय्याने त्याला भरपूर फुटवे आणायचे आणि ते सुटे करून ऑक्झिन हे दुसरे संप्रेरक असलेल्या माध्यमात त्यांना मुळे फुटू द्यायची, अशी ही पद्धत. साखरेला पर्याय ठरणारे हे रोप बाटलीत साखरेवरच पोसले जाते, कारण तेथे त्याचे प्रकाशसंश्लेषणावर भागत नाही, आणि माध्यमात सहसा लिटरला ३० ग्रॅम साखर घालतात. हे समजल्यावर मला फार नवल वाटले. माझ्या वाफ्यांत सर्व रोपांना जवळपास एकाच वेळी कळ्या दिसू लागल्या, त्यामुळे फुले उमलून पानांची गोडी उतरण्याआधी संपूर्ण कापणी एकदम उरकता आली.

तक्रार आहे ती हार्डनिंगची, म्हणजे रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावण्याची. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि त्यांची पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. अशा रोपांना कोकोपीटच्या ट्रेमध्ये, शेडनेटखाली, आर्द्रता हळूहळू कमी करत काही आठवडे सांभाळावे लागते. पहिली खेप तशी सांभाळलेली होती आणि तिच्यात फारशी मर झाली नाही. दुसरी बहुधा घाईने पाठवली होती; गादीवाफा, ठिबक, निचरा सगळे तेच असूनही आठवडाभरात ६० रोपांनी माना टाकल्या. प्रयोगशाळेने ती बदलून दिली, पण हंगामाचे तीन आठवडे गेले.

मातृरोपाच्या पानांतील स्टेव्हिओसाइड आणि रेबॉडिओसाइड-ए या गोडी देणाऱ्या घटकांच्या प्रमाणाचा तपासणी अहवालही मागूनही मिळाला नाही. ही उणीव मला मरीपेक्षा गंभीर वाटते, कारण मातृरोप कमी गोडीचे असेल तर त्याची सगळी रोपे तशीच निघणार. खरेदीपूर्वी हा अहवाल अवश्य मागावा, आणि ट्रेमधील दोन-चार रोपे उपसून पांढरी मुळे कोकोपीटभर पसरली आहेत का, हे स्वतः पाहावे.